बिरदेवला दिलेला शब्द

ज्याला पटणार नाही त्याने निमिषला विचारावं. खोटं सांगून भाव खाणारा तो नव्हे.

१९९८ सालची, भर उन्हाळ्यातली दुपार. सांगलीच्या गावभागातला कॉम्प्युटर क्लास.

शिकवणी संपली की पोरं कॉम्प्युटर वायरीने जोडून बंदुकीचा गेम खेळायची. पडद्यावर अंधारे बोळ. समोर दिसेल तो दोस्त वैरी. मेलं की लगेच दुसरा जन्म.

त्यात आटपाडीचा बिरदेव. मेंढरांमागं वाढलेलं पोर, माउसवर हात बसेना. निमिष आणि धवल त्याच्या जन्माच्या जागीच दबा धरून बसायचे.

"जन्मला न्हाई तवर मेला गड्या!"

"एकदा तरी जिंकू द्या की रं," बिरदेव कळवळून म्हणायचा.

कुणी दिलं नाही.

मग एकदा गावाकडे निघालेल्या त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं.

दहाव्याला कावळा शिवेना.

मामाने हात जोडले. आईने, धोंडुबाईने, पदर पसरला. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत राहिले...

शेवटी निमिष पुढे झाला. सगळ्यांदेखत म्हणाला, "बिरद्या, तुला जिंकू देईन."

कावळा झपकन उतरला.

पुढच्याच आठवड्यात निमिष आणि धवल खेळायला बसले. दोघंच. बिरदेवचा कॉम्प्युटर बंद होता, वर धुळीचं कापड.

तरी पडद्यावरच्या बोळात तिसरा शिपाई उभा...

भिंतीकडे तोंड करून. बिरदेवलाही नीट वळता यायचं नाही.

निमिषने ओळखलं. "धवल, मारू नको. मी शब्द दिलाय." त्याने बटणावरचं बोट उचललं.

शिपाई हळूहळू वळला. निमिषवर बंदूक रोखली. एकदा हरलं की बिरदेव मोकळा.

"मेंढक्याकडनं हरतोस व्हय रं?" धवल फिदीफिदी हसला.

निमिषचं बोट खाली गेलं.

कापडाखालून कण्हणं आलं...

शिपाई पडला. उठला. निमिषने पुन्हा पाडला. पुन्हा उठला, पुन्हा पाडला. धवल टाळ्या पिटत होता.

आणि निमिष हसत होता.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या फोनवर धोंडुबाईचा आवाज.

"पोरा, काल दुपारधरनं बिरदेव अंगणात येतोय. उभा ऱ्हातोय, धाडदिशी पडतोय, परत उठतोय. तू शब्द दिलतास न्हवं रं?"

निमिषने फोन ठेवला आणि थेट कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला.

त्यानंतर तो रोज हरायला बसायचा. बटणाला हातसुद्धा लावायचा नाही. पण तो शिपाई पुन्हा आलाच नाही.

क्लास बंद पडला. निमिष मात्र अजून आटपाडीला जातो. त्याला अंगणात काहीच दिसत नाही. नुसतं ऊन, आणि उंबऱ्यात बसलेली धोंडुबाई. मधूनच ती दचकते, पदराचा बोळा तोंडात कोंबते...

मग रित्या अंगणाकडे बघत पुटपुटते, "उठू नगंस, बाळा. पडूनच ऱ्हा."