केसभर बाहेर

गाडी आमच्या गॅरेजच्या दारात थांबली ती थांबलीच. आतून चष्मेवाला उतरला. कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान टाकलेला, एवढंच मला माहीत होतं. गाडी त्याच्या वडिलांच्या काळातली. पुढून टपटप तेल गळत होतं.

“हिला काय झालंय हो?”

“रडतेय,” मी गाडीखालूनच म्हटलं. “क्रँकचं पुढचं ऑइल सील गेलंय. रबराची कडी असते ती. म्हातारी झाली की कडक होते.”

“आणि माणसं?”

“ती आधीपासूनच कडक असतात.”

तो हसला, वाकून बघत राहिला… आणि मी हातात दहा नंबरचा पाना धरून दहा नंबरचा पाना शोधायला लागले.

बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून गॅरेज मीच बघते. पट्टा काढला, पुली ओढून काढली. पुलीचा जो भाग सीलमध्ये फिरतो, त्यावर जुन्या सीलने घासून घासून चर पाडला होता, नख अडकेल एवढा. अशा वेळी नवं सील जुन्या जागी ठोकायचं नसतं. केसभर बाहेर ठेवायचं, म्हणजे त्याची कड कोऱ्या लोखंडावर टेकते. हे मला बाबांनी बाराव्या वर्षी शिकवलंय. नाहीतर दोन महिन्यांत गिऱ्हाईक परत, असं ते म्हणायचे.

दोन महिन्यांत परत… मी सील जुन्याच जागी ठोकलं. अक्कल गहाण टाकली होती म्हणा.

तो आला, अगदी वेळेवर.

“तुमच्या हाताला गुण नाही,” तो म्हणाला.

“मग दुसरा हात शोधा.”

“गाडी ऐकत नाही ना… इकडेच वळते.”

तिसऱ्या खेपेला त्याने खिशातून काचा पुसायचं मऊ कापड काढलं आणि माझ्या गालावरचं तेल पुसलं.

“ते काचांसाठी असतं,” मी म्हटलं.

“काचांना आज सुट्टी.”

त्या दिवशीही सील जुन्याच जागी बसलं. मला लाज वाटली नाही, हे आज सांगताना वाटते.

चौथ्या खेपेला गाडी दोरीने ओढून आणली. त्याचे डोळे सुजलेले. गळणारं तेल पट्ट्यावर उडालं, पट्टा घसरला, इंजिन तापलं आणि गाडी भर उन्हात बंद पडली. आत त्याची आई होती. तिच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला होता, शेवटचं भेटून जा. मायलेक दोन तास रस्त्यावर उभे. पोचले तेव्हा मावशी गेली होती.

“तुमचा काय दोष,” तो म्हणाला. “गाडीच जुनी. आई तर म्हणाली, त्या पोरीने तीनदा जीव ओतलाय हिच्यात, घरी घेऊन ये तिला… कशासाठी, ते कळतंय ना तुम्हाला?”

कळत होतं. सहा महिने मी याच वाक्याची वाट बघत होते.

नशिबाने इंजिन वाचलं होतं. मी कामाला लागले. तो बॅटरीचा उजेड धरून उभा. चष्मेवाल्याची नजर ती.

“या वेळी सील जरा बाहेर ठेवलंत.”

“हो.”

“असं ठेवलं की गळत नाही?”

“नाही.”

“आजच सुचलं?”

हो म्हटलं असतं तर आज त्या घरात असते. पण डोळ्यांसमोर ती बाई उन्हात उभी होती, आणि वर माझं कौतुक करत होती.

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” मी म्हणाले. “तुम्ही परत यावं म्हणून… तिन्ही वेळा.”

त्याने बॅटरी विझवली.

“मी तसाही येणार होतो,” तो म्हणाला. “दुसऱ्याच दिवशी. काहीतरी निमित्त काढून.” मग म्हणाला, “आईला आता काय सांगू?”

मी पुली बसवली, नवा पट्टा चढवला. तो माझ्याकडे न बघता गाडी घेऊन गेला.

वर्ष होईल आता. गाडी त्याच्या दुकानासमोर उभी असते. मी पलीकडच्या बाजूने जाते, तरी नजर गाडीखाली वळतेच. जमीन ठणठणीत कोरडी. इतकं चोख काम केलंय मी, की त्याला परत यायचं काही कारणच उरलं नाही.