निळी खूण

“ज्या कुणी शहाण्यानं ह्या खुणा रंगवल्यात ना, तो एकदा मला भेटू दे!”

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आणि तो शहाणा... म्हणजे शहाणी... मीच होते.

आम्ही तिघं रानात चुकलो होतो. बाबा एका पडलेल्या ओंडक्यावर बसून गुडघा चोळत होते. माझी भाची भिंगरी त्याच ओंडक्यावरून उड्या मारत होती. एका जागी ठरत नाही म्हणून ती भिंगरी. आणि मी, स्वतःच रंगवलेली खूण शोधत, एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे वेड्यासारखी फिरत होते. तेवढ्यात खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला हा माणूस वरच्या उतारावरून खाली आला. ह्या वाटेची राखण त्याच्याकडे होती, सगळे त्याला वाटाड्याच म्हणायचे.

“का हो? काय बिघडवलं त्यानं तुमचं?” मी साळसूदपणे विचारलं.

“बघा की! अख्खं रान पिवळं झालंय आणि ह्याच्या खुणाही पिवळ्या! पानगळ सुरू झाल्यापासून रोज कुणीतरी चुकतंय आणि मी हाका मारत फिरतोय. डोळे होते की नाही त्याला?”

“आत्या,” भिंगरीनं उडी थांबवून विचारलं, “हे तुझ्याबद्दल बोलतायत का?”

झालं! तो माझ्याकडे बघायला लागला... मग माझ्या बोटांकडे. नखांच्या कडेला रंग होताच, तो कधी जातो थोडाच. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पण त्या कानांकडे बघून मला हसूच फुटलं.

“डोळे होते,” मी म्हटलं. “अक्कल तेवढी घरी राहिली होती.”

त्याचं काय झालं, आमचं गाव खाली, वाळवंटाच्या कडेला. बाबांचं आणि माझं पाट्या रंगवायचं दुकान. डोंगरावर झऱ्यापर्यंत जाणारी एक सोपी वाट आहे. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांनाही जमेल अशी. तिच्यावर खुणा करायचं काम वनखात्यानं आम्हाला दिलं, तेव्हा भर उन्हाळा होता. मी वर आले, सगळीकडे हिरवंगार बघितलं आणि दुकानातला सगळ्यात झगझगीत पिवळा उचलला. आमच्याकडे वाळू बारा महिने वाळूच्याच रंगाची. झाडाची पानं पिवळी होतात हे मी चित्रांत बघितलं होतं हो! पण चित्रातली गोष्ट आपल्या रंगाच्या डब्याच्या आड येईल असं कुणाला वाटतं?

त्यानं आम्हाला खाली त्याच्या खोपटात नेलं आणि चहा टाकला. लाकडी भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्यावर वाटेत कुणाचं काही पडलेलं. एकेकटे बूट, हातमोजा, पाण्याची बाटली, एक कापडी ससा. धूळ मात्र कशावरच नव्हती.

“हे सगळं पुसता का तुम्ही?” मी विचारलं.

“परत न्यायला आले तर मळकं कसं द्यायचं?” तो चहा गाळता गाळता म्हणाला.

का कोण जाणे, मी त्या पुसलेल्या सशाकडे बघतच राहिले. बाबांनी खाकरून माझ्यापुढे कप सरकवला.

दर रविवारी पुन्हा रंग द्यायचा असं ठरलं. चूक माझी, तेव्हा हातही माझेच. कुठला रंग, ह्यावरून पहिलंच भांडण जुंपलं.

“लाल!”

“पुढच्या वळणावर या. तिथली पानं लालच होतात.”

“मग पांढरा.”

“हिवाळ्यात बर्फ पडतं, बाई. पांढरं!”

“एवढं कळतं मला,” मी फणकारले. कळत नव्हतं काही. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये बघितलं होतं.

शेवटी निळा ठरला. झाडात, दगडात, मातीत... निळं असं तिथे काहीच नव्हतं. आणि खुणा भिंगरीच्या डोळ्यांच्या उंचीवर करायच्या, ही कल्पना माझी. तिला झाडाला पाठ लावून उभं करायचं, डोक्याच्या जरा खाली रेघ मारायची आणि मग ब्रश चालवायचा. मुलांची वाट आहे ना, मग खूण आधी मुलांना दिसली पाहिजे. मी स्वतःवर भलतीच खूश होते. वाटाड्यानं त्या पहिल्या खुणेकडे बघितलं, मग झाडाच्या वरच्या फांद्यांकडे बघितलं, डोकं खाजवलं... आणि रंगाचा डबा उचलून पुढच्या झाडाकडे निघाला. तो तसाही कमीच बोलायचा.

पण ऐकायचा मात्र असा! मी रंगवता रंगवता बडबडत असायचे. गिऱ्हाइकांच्या नकला, बाबांची कवळी, काय वाट्टेल ते. आणि पुढच्या रविवारी तो मधूनच विचारायचा, “मग त्या न्हाव्यानं पाटी बदलून घेतली का?” माझी बडबड कुणी आठवडाभर जपून ठेवतं हे मला नवीन होतं. धुकं खाली उतरलं की तो न बोलता माझ्या आणि उताराच्या मध्ये चालायला लागायचा. एकदा माझ्या गालाला रंग लागला होता. त्यानं रुमाल काढला, हात पुढे केला... आणि रुमाल भिंगरीच्या हातात देऊन म्हणाला, “आत्याचं तोंड पूस.” भिंगरीनं पुसला कसला, पार कानापर्यंत पसरवला. त्या रात्री आरशात तो निळा डाग बघून मी धुवायचा कंटाळा केला.

झऱ्यापाशी शेवटची खूण झाली तेव्हा झाडं निम्मी उघडी पडली होती. बाबा आणि भिंगरी पाण्यात दगड टाकत होते.

“रंगारीणबाई,” तो म्हणाला, “काम संपलं.”

“संपलं.”

“पुढच्या रविवारी... म्हणजे खुणा नसल्या तरी... येत जाल का? नेहमी?” कान पुन्हा लाल. “मला तुम्ही आवडता. बोलता येत नाही मला नीट, पण खरं आहे.”

हो म्हणायला माझी जीभ वळवळत होती. पण मीच तर ती... उन्हाळ्यातलं रान बघून पिवळा उचलणारी. आता पानगळीतला माणूस बघून नवरा कसा उचलू?

“मी एका ऋतूवरून रंग निवडला आणि तोंडावर आपटले,” मी म्हटलं. “आता हा निळा बर्फातही दिसला, तर माझं उत्तर हो.”

त्यानं खुणेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

“चालेल,” एवढंच म्हणाला.

मग बर्फ पडलं आणि वर जाणारी बस बंद झाली. डोंगरावर फोन लागत नाही. मी दुकानात बसून शिंप्यांच्या, दाताच्या डॉक्टरांच्या पाट्या रंगवत राहिले. निळा डबा उघडला की झाकण पुन्हा लावून टाकायचे. स्वतःचा रागही यायचा, अशी कसली अट घातली मी! शेवटी बाबांना सगळं सांगून टाकलं.

“तुम्हीच शिकवलंत ना, ओल्या रंगाला बोट लावू नये म्हणून?”

“शिकवलं,” बाबा पाटीवर फुंकर मारत म्हणाले. “पण वाळलाय की नाही हे बघायला शेवटी बोटच लावावं लागतं, बाळ.”

बस सुरू झाल्या झाल्या आम्ही तिघं निघालो. बाबांना म्हणे जन्मात एकदा बर्फ बघायचं होतं! मी डब्यात अंडी, संत्री भरली आणि दोनदा वेणी घातली.

वर बसमधून उतरलो आणि मी जागीच थबकले. बर्फ एवढं? वाटेच्या सुरुवातीचं कुंपण दिसतच नव्हतं. भिंगरीच्या खांद्याएवढे खांब होते ते, सगळे गडप. म्हणजे माझ्या खुणा... भिंगरीच्या डोळ्यांच्या उंचीवरच्या माझ्या हुशार खुणा... गाडल्या गेल्या असणार, एकूण एक! आणि त्याला हे माहीत होतं. त्या दिवशी झऱ्यापाशी, तोंड उघडून मिटलं तेव्हाही माहीत होतं. हरणारच आहोत हे कळून तो ‘चालेल’ म्हणाला? मला तिथेच रडू कोसळलं. खूण दिसावी म्हणून माझा जीव किती टांगणीला लागला होता, ते मला तेव्हा कळलं.

“आत्या, रडतेस काय? ती बघ की!”

बर्फात कुणीतरी पाऊलवाट तुडवली होती. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी बर्फ खणून छोटासा खळगा केला होता, आणि खळग्यात, स्वच्छ पुसलेली, निळी खूण. पुढच्या झाडालाही तसंच. त्याच्या पुढच्याही. कुठे खळग्याच्या कडा जुन्या, गोठून काचेसारख्या झालेल्या, कुठे पुन्हा पडलेलं बर्फ पुन्हा काढलेलं. एका दिवसाचं काम नव्हतंच ते. बर्फ पडेल तेव्हा तेव्हा कुणीतरी येऊन हे केलं होतं. अख्खा हिवाळा, आणि बघायला इथे चिटपाखरू नव्हतं.

वळणापलीकडे तो फावडं घेऊन कमरेइतक्या बर्फात उभा होता. आम्हाला बघून फावडं मागे लपवायला लागला, जसं काही ते लपणार होतं.

“ही लबाडी आहे,” मी धापा टाकत म्हटलं.

“तुम्ही म्हणालात बर्फात दिसला तर. आपोआप दिसला पाहिजे असं कुठे म्हणालात?”

“आधी का नाही सांगितलं? खुणा उंचावर केल्या असत्या!”

“सांगणार होतो. पण पोरीला झाडाला पाठ लावून उभं करताना तुम्ही इतक्या खूश होतात...” तो थांबला. “बर्फात इथे येतं कोण? म्हटलं, मी आहे की काढायला.”

मी काही हिशेब केला नाही. हातमोजा काढला, खळग्यात वाकले आणि निळ्यावर बोट टेकवलं. थंडगार होता.

“वाळलाय,” मी म्हटलं.

“म्हणजे?” तो गोंधळला. अगदी भोळा होता हो!

“म्हणजे हो. हो, वेड्या! तू पुढच्या हिवाळ्यात एकटा खणणार नाहीस.”

‘तू’ म्हटल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या आधी आलं असावं, कारण त्याच्या हातातून फावडं सुटलं.

मागून बाबांचा आवाज आला, “झालं का एकदाचं? जन्मात एकदा बघायचं होतं ते बघून झालं माझं, आता पाय गोठलेत! जावईबापू, चहा टाका!”