चहात पडलेली पुंगळी

तिने गोळी झाडली आणि रिकामी पुंगळी भिरभिरत मागे गेली, ती थेट बाकावर बसलेल्या माणसाच्या चहात.

"चहा गेला," तो म्हणाला.

पिस्तूल रिकामं करून तिने ते ओट्यावर ठेवलं आणि ती वळली. "नेमबाजी क्लबचे नवे कारागीर तुम्हीच ना? मग तुमच्याच कर्माने गेला. पिस्तूल साफसफाईला दिलं होतं. स्प्रिंग कशाला बदललीत?"

"जुनी थकली होती. आखूड झाली होती."

"पण ही इतकी मऊ?"

आता ही स्प्रिंग करते काय? गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग झटक्याने मागे जातो आणि पुंगळी बाहेर फेकतो. त्याला आवरून पुन्हा पुढे आणते ती स्प्रिंग. मऊ पडली तर तो भाग दाणकन आपटतो, पुंगळी कुठच्या कुठे उडते. फार कडक झाली तर तो पुरता मागेच जात नाही. म्हणून आधी गोळीचा जोर विचारायचा, मग स्प्रिंग निवडायची.

त्याने विचारलं नव्हतं.

"तुमचं मनगट पाहिलं..." तो चाचरला. "नाजूक वाटलं. म्हटलं, गोळी भरताना वरचा भाग हाताने खेचायला जड जायला नको."

"मनगट माझं आणि काळजी तुम्हाला? उद्या संघाची निवड आहे. वर्षभर मी जोरदार गोळी वापरतेय. एका शब्दाने विचारलं असतंत तर जीभ झिजली असती का?"

"चुकलंच माझं."

भांडायला कंबर कसावी आणि समोरच्याने मान खाली घालावी, याहून मोठी पंचाईत नाही. तिचा राग आणखीच चढला. त्याने पुढे धरलेल्या डब्यातून तिने सगळ्यात कडक स्प्रिंग उचलली.

"ती नको—"

"मला खेचता येते."

खेचता आली. पण दुसऱ्याच गोळीला पुंगळी बाहेर पडता पडता वरच्या खाचेतच अडकून उभी राहिली.

तो हसला नाही. नुसतं म्हणाला, "मी मनगट बघून निवडली, तुम्ही राग बघून. आता गोळीला विचारू या?"

तिला हसू आलं. ते तिने महत्प्रयासाने गिळलं.

मग एकेक स्प्रिंग बसवून पाहिली. एकीवर पुंगळ्या चार पावलांवर, एकाच जागी पडू लागल्या आणि पिस्तुलाची नळी आपसूक निशाणावर परतू लागली. "हीच," दोघं एकदमच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संघाच्या यादीत तिचं नाव लागलं. बाकावर तो दोन पेले घेऊन बसला होता.

"साखर किती?" त्याने विचारलं.

"अरे वा. विचारायला शिकलात."

"अजून एक विचारायचंय... रोज इथे बसलो तर चालेल?"

"पुंगळी लागेल."

"आता इथवर येत नाहीत."

"मोजून ठेवलंय वाटतं." तिने बाकावरची पिशवी उचलली आणि ती त्या जागी बसली. "साखर एक चमचा. उद्याही तेवढीच."