पिकअपखालचे तांबडे थेंब

"रक्त! दादा, पळ! गाडीखाली रक्त पडलंय!"

प्रांजलची किंकाळी ऐकून बिरदेवच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटाबाहेर पडला. या अकरा वर्षांच्या बहिणीला रोज सकाळी काहीतरी भयंकर सापडायचंच. काल विंचू होता. तो निघाला सुतळीचा तुकडा! पण शिवांजली चप्पल न घालताच धावली, म्हणून तोही उठला.

शिवांजली सातारा जिल्ह्यातली, शिरवळजवळच्या गावची. दर वर्षी बिरदेवच्या आजोबांच्या, म्हणजे बिराप्पाआबांच्या मेंढ्या तिच्या वडिलांच्या शेतात खतासाठी बसायला जायच्या, आणि तिथंच या तिघांची गट्टी जमली होती. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत ती हट्टानं इकडे आटपाडीकडे आली होती. परवा आबा पिकअपमधून कोकरं आणि लंगड्या मेंढ्या घेऊन तिच्या गावी निघणार होते. तिघांनीही पुढं दाटीवाटीनं बसून जायचं ठरलं होतं.

पिकअपखाली खरंच पाच-सहा तांबडे थेंब होते!

"कोकरू जखमी झालं असंल," प्रांजल म्हणाली. "पर मी मोजली. अकराच्या अकरा हायत!"

शिवांजलीनं थेंब बोटावर घेऊन चोळला. "रक्त कसलं गं! खरखरतंय. गंज हाय ह्यो. पर पाऊस न्हाई, काय न्हाई, मग गंजाचं पाणी गळतंय कुठनं?"

बिरदेवनं पायानं माती ओढून उरलेले थेंब झाकले. बाजाराहून मेंढ्या उतरवल्या की गाडी धुण्याचं काम त्याचं. मेंढ्यांचं मूत फटींतून खाली गळतं आणि लोखंड खातं, म्हणून गाडीखाली झोपून तिचं पोट स्वच्छ धुवायचं, असं आबांनी त्याला शिकवलं होतं. पण खाली झोपलं की ते सगळं तोंडावर! म्हणून हा पठ्ठ्या दोन वर्षं नुसतं बॉनेट आणि चाकं चकाचक करत होता. 'खाली कोण वाकून बघतंय?' असं मनाशी म्हणायचा. आबांनी ओट्यावरून विचारलं, "धुतली का रं?" की हा ओरडायचा, "धुतली!" आणि आबा बाजारात चारचौघांना सांगायचे, "आमची गाडी नातू सांभाळतो."

"असंल कायतरी! चला, विहिरीवर पोहायला जाऊ!" तो घाईघाईनं म्हणाला.

"पोहायला? काल तर पाण्याचं नाव नगं हुतं तुला!" प्रांजलनं डोळे बारीक केले.

तोवर शिवांजली गाडीखाली शिरलीसुद्धा. तिचे वडील फौजेतल्या गाड्यांच्या वर्कशॉपात हवालदार होते. पान्याशी खेळतच ती मोठी झाली होती.

"ह्याला कोटिंग केलंय की!"

"व्हय, पंधरा दिवस झालं," प्रांजल म्हणाली. "गंज लागू नये म्हणून आबांनी सांगलीला हंबीररावकाकांच्या गॅरेजातनं मारून आणलंय."

शिवांजलीनं काळ्या थराची कड नखानं उचलली. दुधावरची साय निघावी तशी लांब पट्टी हातात आली. आणि पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या होत्या लेंड्या! वाळलेल्या, टणक, ओळीनं!

"लेंड्यांसकट रंग मारलाय!" प्रांजल हसून गडाबडा लोळायला लागली. "एक, दोन, तीन… सतरा!"

शिवांजली हसली नाही. "चासीला, म्हंजे गाडीच्या सांगाड्याला, पाणी वाहून जायला भोकं असत्यात. ती बी ह्या रंगानं बुजलीत. आत कोंडलेलं पाणीच गंजाबरोबर पाझरतंय." तिनं पाना घेतला आणि ठोकत गेली. टण, टण, टण… थप्प! मागचे स्प्रिंगचे पाटे जिथं चासीला जोडतात, तिथं आवाज बदलला. तिनं स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा रेटला, तर तो सरळ आत गेला.

"परवा मोगराळ्याच्या घाटात हितंच तुटलं तर…"

बिरदेवला सगळं दिसलं: घाट, आबा, अकरा कोकरं. आता सांगूनच टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते भलतंच! "त्या हंबीररावचंच काम! फसवलं आपल्याला!"

दोष टाकायला आयता माणूस सापडला होता. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

आबांना काही पटेना. "हंबीरराव माज्या वळखीचा मानूस. गाडी धुऊन, वाळवून रंग मारलाय म्हनाला त्यो."

"मग त्यांच्याच तोंडनं ऐकू की!" शिवांजलीनं आबांचा फोन घेतला आणि स्पीकर लावला. "काका, मी आबांकडं पाहुणी आलेय. आमच्या पप्पांच्या पिकअपला बी कोटिंग करायचं हाय. तुमी कसं करता?"

"लय शिस्तीत, बाळ!" पलीकडून उत्साहानं उत्तर आलं. "आदी प्रेशरनं पोट धुतो. एक दिस वाळवतो. गंज घासतो. पाण्याची भोकं बुचं लावून राखतो. मगच रंग! बिराप्पाआबांची गाडी बघ जा, आरशावानी केलीय!"

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चला सांगलीला. यष्टीनं! त्या गाडीला आता कुणी हात लावायचा न्हाई."

लेंड्यांची पट्टी प्रांजलनं शाळेच्या डब्यात भरून घेतली. एसटीत शेजारच्या बाईंनी दोनदा नाक मुरडलं. "काय गं, डब्यात काय आणलंयस?"

"पुरावा!" प्रांजल ऐटीत म्हणाली.

एरवी बिरदेव पोट धरून हसला असता. आज तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हंबीररावांच्या गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाईकं चहा पीत उभी होती. "या या आबा!" म्हणत ते पुढं आले, तोच प्रांजलनं त्यांच्या नाकासमोर डबा उघडला.

"काका, प्रेशरनं धुतल्यावर ह्या कुठनं आल्या?"

गिऱ्हाईकांत हशा पिकला! हंबीररावांचा चेहरा पडला. "आवं… त्या दिवशी गर्दी लय हुती. वरवर पाणी मारलं. म्हटलं, खाली कोण वाकून बघतंय…"

बिरदेव दचकला. हे तर त्याचं वाक्य! दोन वर्षं तो मनात म्हणत होता, शब्दन् शब्द तेच!

"लाज वाटाय पायजे, हंबीरराव!" आबा कडाडले. "कोकरांसकट घाटात गेलो असतो आमी! माजा नातू बगा. तेरा वर्साचं पोरगं, दर बाजाराला गाडीखाली निजून धुतंय. त्याच्याकडनं शिका जरा!" आणि त्यांनी बिरदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघायला लागले. तो गप्प बसला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण तो हात त्याला सोसवेना.

"आबा, मी धुतली न्हाई."

"काय?"

"खालनं कवाच धुतली न्हाई. दोन वर्सं खोटं बोललो. ह्या लेंड्या काकांच्या आदी माज्या हायत."

प्रांजलनं डब्याचं झाकण हळूच लावलं. आबांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. ते ओरडले असते, एखादी ठेवून दिली असती, तर बरं झालं असतं! ते हंबीररावांकडं वळले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमाला चारचौघांत बोललो. त्यातलं निम्मं आमच्याच घरचं हुतं. माफ करा."

आपल्यापायी आबांनी हात जोडले! बिरदेवला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"आवं आबा, हात नगा जोडू," हंबीरराव ओशाळून म्हणाले. "पोरगं खरं बोललं, आन् मी मघाशी फोनवर खोटं बोललो. उद्या वेल्डिंग मशीन घिऊन मीच येतो. सगळं पहिल्यापासनं करतो." मग त्यांनी दोघी मुलींकडं बघून मान डोलावली. "अशा तपासनीस माज्या गॅरेजात पायजेत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव यायच्या आधीच बिरदेव गाडीखाली होता. आबा कालपासून त्याच्याशी बोलले नव्हते. त्यानं काळा थर खरवडला, तारेच्या ब्रशनं लोखंड घासलं, पाइप लावला. सगळी घाण तोंडावर आली. आली तर आली! शिवांजली सळईनं एकेक भोक मोकळं करत होती आणि प्रांजल पाइप धरून, "दादा, डावीकडं! अजून सतरा हायत!" असं ओरडत होती.

ऊन चढलं. ओट्यावरून नेहमीसारखा आवाज आला.

"धुतली का रं?"

'धुतली' हा शब्द सवयीनं जिभेवर आलाच. मागच्या चाकाआडचा एकच कोपरा राहिला होता. तिथं कोण वाकून बघणार होतं?

"न्हाई आबा!" तो आतून ओरडला. "मागचा कोपरा ऱ्हायलाय अजून!"

मग चपलांचा आवाज आला, आणि धोतर खोचून आबा स्वतः गाडीखाली शिरले. हातात दुसरा ब्रश होता.

"शाबास," ते म्हणाले. "सरक तिकडं."

बिरदेवचे डोळे भरून आले. घाण पाणी गेलं, असं त्यानं प्रांजलला सांगितलं. तेही खोटंच होतं, पण तेवढं तिनं चालवून घेतलं.