राहिलेलं हसू

माझं काम कंटिन्युइटीचं. सकाळच्या शॉटमध्ये नटाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल, तर दुपारच्या शॉटमध्येही ते उघडंच हवं, हे बघायचं. त्यासाठी मी प्रत्येक शॉटनंतर फोनवर फोटो काढते आणि वहीत वेळेसकट नोंद करते. सोळा वर्षं हेच करतेय. युनिटमध्ये मला मागून 'चित्रगुप्त' म्हणतात, आणि ते मला माहीत आहे. सांगायचं एवढंच, की पुढचं सगळं मी वहीत बघून सांगतेय. जे वहीत नाही, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमची मालिका गुन्ह्यांची. दर भागात नवा गुन्हा, नवे पाहुणे कलाकार. पोलीस तेवढे कायमचे. नोव्हेंबरात आम्ही आरे कॉलनीत शूटिंग करत होतो. गोष्ट साधी होती. दूध कॉलनीतला एक निवृत्त कामगार, त्याचा धाकटा भाऊ खोलीसाठी त्याला मारतो आणि गोठ्यामागे पुरतो. म्हाताऱ्याच्या कामासाठी ठरलेला नट आदल्या दिवशी आजारी पडला आणि ऐनवेळी अंबादास इंगळे आले. साठी उलटलेले, मुलुंडचे, जकात नाक्यावर कारकून होते. तरुणपणी वस्तीत जलसे आणि एकांकिका केलेल्या. टीव्हीवर त्यांनी आजवर न्यायाधीश, शेजारी आणि एकदा मागे उभा असलेला वकील केला होता. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "मॅडम, माझे संवाद किती?" मी म्हटलं, "चौदा वाक्यं." ते म्हणाले, "बापरे. आयुष्यभराची एकदम मिळाली."

त्यांच्या डाव्या मनगटावर पांढरा दोरा होता. घरी परित्राण पाठ झाला तेव्हा भंतेजींनी बांधलेला. भूमिकेतल्या म्हाताऱ्याच्या हातात तो नको होता. मी काढायला सांगितलं तर ते ओशाळून हसले.

"मी काय एवढं मानत नाही. पण बायकोने हात धरून बांधून घेतलाय. राहू द्या ना."

मी त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बटण लावलं. वहीत लिहिलं, 'डावी बाही बंद, आत दोरा'.

त्यांनी जे काम केलं ते मी विसरणार नाही. भाऊ फावडं घेऊन दारात उभा राहतो आणि म्हाताऱ्याला कळतं, असा सीन होता. कागदावर म्हातारा हात जोडून गयावया करतो. अंबादास काकांनी हात जोडले नाहीत. त्यांनी भावाकडे नीट बघितलं, ताटावरचं झाकण काढलं आणि म्हणाले, "आधी जेवून घे. मग कर काय करायचं ते." हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. समोरचा नट खरंच रडायला लागला. सुबोध सर, म्हणजे आमचे दिग्दर्शक, कट म्हणायचं विसरले. माझेही डोळे भरून आले, आणि मी काही उगाच रडणारी बाई नाही.

काकांच्या कामात प्रेताचा शॉट शेवटी होता. गोठ्यामागे छातीएवढा खड्डा खणला होता. परवानगीच्या कागदात स्पष्ट अट होती, की सहाच्या आत खड्डा बुजवून जागा होती तशी करून द्यायची. काका आत उतरून आडवे झाले. डावा हात पोटावर, उजवा गुडघा मुडपलेला, हनुवटी उजवीकडे, डोळे उघडे. वर लाकडी घोडीवर, थेट खाली रोखून, कॅमेरा लावला होता. त्यांनी चाळीस सेकंद पापणी हलवली नाही. छातीही हलली नाही. ओल्या मातीचा आणि शेणाचा वास येत होता आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

आता आमच्या लाइनीतला एक रिवाज सांगते. ज्याने प्रेत केलं, त्याने उठण्याआधी कॅमेरा चालू असतानाच त्याच्याकडे बघून हसायचं. मगच कट. मेला तो गोष्टीतला, हा नव्हे, एवढं त्यातून सांगून टाकायचं असतं. शिकलेले, न शिकलेले, सगळे पाळतात. मी वहीत त्यासाठी वेगळा रकाना ठेवलाय. 'हसू'. तिथे खूण झाल्याशिवाय मी पुढचा शॉट लावू देत नाही.

त्या दिवशी सव्वापाच झाले होते. उजेड जात होता आणि गोठ्याच्या दारातला एक शॉट बाकी होता. सर घड्याळ बघत होते. मीच म्हणाले, "हसू नंतर घेऊ सर, चला." सोळा वर्षांत पहिल्यांदा. अति घाई संकटात नेई, हे आपण रस्त्यावरच्या पाट्यांवर वाचतो आणि पुढे जातो.

सगळे दाराकडे धावलो. काका आमच्यामागून आले आणि बाकड्यावर बसून चहा प्यायले. मी स्वतः बघितलं. मग शेवटचा शॉट झाला आणि सामान आवरायची धांदल उडाली. हसण्याचं मी साफ विसरले. वहीत नोंद आहे, '५.५२, खड्डा बुजवला'. त्याच्या वरच्या ओळीत 'हसू'चा रकाना कोरा आहे.

भाग डिसेंबरात लागला. 'आधी जेवून घे' एवढा तुकडा लोकांनी एकमेकांना पाठवला. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये बायका विचारायच्या, "दीप्ती, तो म्हातारा कोण गं? बाकी सगळे ॲक्टिंग करत होते, तो नव्हता करत." मला बरं वाटायचं. आपण बघितलेलं खरं निघालं म्हणून.

आठवड्याने फोन आला.

"तुम्ही वही घेऊन बसायच्या त्याच ना? मी विमला इंगळे. यांची बायको." आवाज दबका होता. "बाई, हे नीट नाहीत. शूटिंगवरून आले तेव्हापासून."

"काय होतंय काकी?"

"काही होत नाही, तेच तर... जेवतात. विचारलं तेवढं बोलतात. डॉक्टर म्हणतो सगळं नॉर्मल आहे. पण दुपारी आडवे झाले की तसेच राहतात. डोळे उघडे. रोज अंघोळ घालते मी, अन् रोज कानातून माती निघते." मग थांबून म्हणाल्या, "म्हणतात, माझं हसायचं राहिलंय. त्या मॅडमना बोलव."

मी दुसऱ्याच दिवशी मुलुंडला गेले.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाटावर एकांकिकांच्या ढाली. दुपारचे तीन, रस्त्यावर भाजीवाल्याचं ओरडणं, शेजारी कुकरची शिट्टी. आणि घरात ओल्या मातीचा वास. काका कॉटवर पडले होते. डावा हात पोटावर, उजवा गुडघा मुडपलेला, हनुवटी उजवीकडे. मी फोनमधला त्या दिवशीचा फोटो उघडला आणि सवयीने ताडून बघितला. बोटांमधलं अंतरसुद्धा तेच होतं. माणसाला सांगून असं जमत नाही. मी रोज सांगते, मला ठाऊक आहे.

"काका, मी दीप्ती."

ओठ जेमतेम हलले. "रोल करा... मॅडम."

मी सगळं रीतसर केलं. फोन त्यांच्यावर धरला, रोल म्हटलं, ॲक्शन म्हटलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांनी मान वळवली, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि हसले. मोठं, सगळे दात दिसतील असं. मी कट म्हटलं. ते उठून बसले आणि म्हणाले, "विमल, चहा टाक."

काकी पदर तोंडाला लावून रडल्या. माझा जीव भांड्यात पडला. निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"आता भंतेजींना बोलावून दोरा तेवढा परत बांधून घेते. तिकडेच कुठे पडला वाटतं. घरी आले तेव्हा हातात नव्हता."

बसमध्ये बसल्या बसल्या मी वही काढली आणि 'हसू'च्या कोऱ्या रकान्यात खूण केली. बरोबरची.

जानेवारीत अंधेरीच्या एडिटिंग रूममध्ये मुकुलकडे गेले होते. मुकुल आमचा एडिटर. चॅनलने काकांचं नाव पाहुण्या कलाकाराच्या पुरस्कारासाठी पाठवलं होतं आणि त्यासाठी त्यांच्या कामाचे निवडक तुकडे हवे होते.

"प्रेताचा शॉट थोडा लांब दे रे," मी म्हटलं. "लोकांना कळू दे, पापणी कशी धरलीय."

"लांब काय, लय लांब आहे. कट झाल्यावर कॅमेरा बंदच नाही केला कुणी. मी चाळीस सेकंदांच्या पुढे बघितलंच नव्हतं." त्याने तो सलग लावला.

चाळीस सेकंद झाले. माझा आवाज ऐकू आला. "हसू नंतर घेऊ सर, चला." पावलं लांब गेली. मग काका उठले, खड्ड्याच्या कडेला हात टेकून वर आले आणि चौकटीबाहेर गेले.

खड्ड्यात काका पडलेले होते.

मुकुलने मागे नेऊन परत लावलं. तेच. एकजण उठला आणि गेला, आणि त्याच जागी, त्याच अंगस्थितीत, एकजण पडून राहिला. उठणाऱ्याने वर येताना कडेला हात टेकले तेव्हा त्याच्या बाह्या मागे सरल्या. दोन्ही मनगटं मोकळी होती.

"एकावर एक दोन लेअर पडलेत का रे?" मी विचारलं.

"रॉ आहे हे. हात नाही लावलेला."

पुढे मिनिटभर काही नव्हतं. उजेड कमी होत गेला. मग खड्ड्यातल्या काकांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि वर कॅमेऱ्याकडे बघून हसले. ओशाळं, तोंडातल्या तोंडात. दोऱ्याबद्दल बोलताना हसले होते तसं. रिवाज म्हणून, युनिटचं मन राखायला. मग इकडेतिकडे बघितलं, आणि बाहेर यायला कुणीतरी हात द्यावा म्हणून डावा हात वर केला. बाही खाली घसरली. मनगटावर पांढरा दोरा होता.

तो हात वर असतानाच शॉट संपला. कुणीतरी घाईत येऊन कॅमेरा बंद करून नेला असणार. घोडीवरून कॅमेरा काढणारा माणूस खाली बघत नाही, स्क्रूकडे बघतो. आणि खड्ड्यात बघायचं कुणाला कारणच नव्हतं. काका तर बाकड्यावर चहा पीत होते.

मुकुल बाहेर जाऊन सिगरेट ओढत बसला. मी वही काढली. ५.५२.

दुसऱ्या दिवशी मी आरेत गेले. एकटीच. मुकुल येतो म्हणाला आणि आला नाही. खड्डा खणायला आणि बुजवायला आम्ही जवळच्या पाड्यावरचे काशीराम घेतले होते, त्यांना सोबत नेलं. गोठ्यामागे जागा सपाट होती, गवत आलं होतं. गाई रवंथ करत होत्या.

"काशीराम भाऊ, बुजवताना आत बघितलं होतंत का?"

"अंधार पडत आलेला ना. तुमचे लोक घाई करत होते, टाका टाका. टाकली माती." ते जरा वेळ पायाने गवत चाचपत राहिले. मग पलीकडे बोट दाखवलं. कुंपणाला लागून कमरेएवढं टेकाड होतं. "ती माती उरली. खड्डा बुजवला की थोडी उरतेच, पण एवढी नाय उरत. मी तेव्हाच म्हटलं, ही कुठली आली."

मी त्या टेकाडाकडे बघत उभी राहिले. काशीरामांनी खांद्यावरचं फावडं खाली घेतलं.

"खणू का बाई?"

तेवढ्यात फोन वाजला. विमला काकी होत्या.

"दीप्ती, रविवारी जेवायला यायचं हं. यांना ते बक्षीस लागो न लागो, मी पुरणपोळी करणार आहे." आवाज इतका मोकळा होता की मला ओळखू येईना. मी विचारलं, काका कसे आहेत.

"एकदम चांगले. पुढच्या भागालाही बोलावलंय ना तुमच्या सरांनी. दोरा तेवढा टिकत नाही बघ हातात, तीनदा बांधला. जाऊ दे. घरात हसणं आलं गं तुझ्यामुळे. चाळीस वर्षांत माणूस कधी दात दाखवून हसला नव्हता. आता झोपेतसुद्धा हसतात."

खणलं आणि सापडलं, तर त्या बाईला सांगायचं कुणी, की तुझ्या शेजारी झोपतं ते कोण आहे? आणि त्याला हसायला लावून मोकळं कुणी केलं?

"येशील ना?" काकींनी विचारलं. मागून काकांचा आवाज आला, अगदी फोनजवळून, शांत. "मॅडमना म्हणावं... आधी जेवून घ्या."

काशीराम फावडं धरून वाट बघत होते. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी फावडं परत खांद्यावर घेतलं आणि आम्ही रस्त्याकडे चालू लागलो. गाई रवंथ करायच्या थांबल्या होत्या. सगळ्या त्या सपाट जागेकडे बघत होत्या.