गाडीच्या पुढे ठकूबाई

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर भिलाईला या. कोहक्यात आमचं घर कोणीही दाखवेल. मी तुम्हाला चपला दाखवते.

फक्त पराग घरी नसताना या.

भुताच्या गोष्टी अमावस्येच्या रात्री सुरू होतात, असं मीही आजवर वाचत आले. आमची सुरू झाली कुम्हारीला, डिसेंबरातल्या एका भर दुपारी, गाडीच्या वर्कशॉपमध्ये. छान ऊन पडलं होतं. शेजारच्या टपरीवर भजी तळत होते. घाबरावं असं तिथे काहीसुद्धा नव्हतं.

म्हणून तर आम्ही सगळे हसलो.

पराग माझा नवरा. कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे, रोज कोहक्याहून गाडीनं जातो. गाडी नव्या पद्धतीची. समोरच्या काचेला, आरशाच्या मागे, कॅमेरा. रस्त्यात कोणी आडवं आलं की ती बोंबलते, आणि परागचं लक्ष नसलं तर स्वतःच ब्रेक मारते.

"म्हणजे तुझीच बहीण," पराग मला म्हणाला होता.

त्या आठवड्यात गिट्टी, म्हणजे रस्त्याची खडी, नेणाऱ्या ट्रकमधून दगड उडाला आणि काच तडकली. नवी काच बसवली विक्कीनं. वर्कशॉप त्याचंच. काच बसली तरी गाडी देईना.

"भैया, अभी कैमरे को सिखाना पड़ेगा. काँच बदली ना, उसको पता ही नहीं सीधा कहाँ है."

त्यानं गाडीसमोर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा मोठा फळा उभा केला. दोरी लावून मधोमध आणला. लॅपटॉप जोडला. आणि आम्हाला बजावलं, "गाड़ी और बोर्ड के बीच में कोई नहीं आएगा."

आता आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

ठकूबाई त्यांचं नाव. सासरे, पुंडलिकराव, भिलाई-तीन स्टेशनला रेल्वेत गँगमन होते. ते ड्यूटीवर निघाले की ठकूबाई पाण्याचा भरला गडवा घेऊन दारासमोर उभ्या राहायच्या. भरला गडवा बघून गेलेला माणूस घरी परत येतो, असं त्यांचं म्हणणं. सासरे गेले तेव्हा गल्लीतल्या बायांनी सांगितलं, आता तू समोर येत नको जाऊ. ठकूबाई आत जाऊन बसल्या. पण शाळकरी पराग उंबऱ्यावरून हलेना. आई समोर आल्याशिवाय मी पेपरले जात नाही, म्हणाला. त्या दिवसापासून रोज... ऊन असो, ताप असो... ठकूबाई पुढे आणि पराग मागे.

नवी काच म्हणजे नवी गाडी, असा हिशोब करून त्या वर्कशॉपलाही आल्या होत्या. पिशवीत गडवा घेऊन.

विक्की लॅपटॉपवर वाकला. पराग फोनवर. मी भज्यांकडे बघत होते.

ठकूबाई खुर्चीवरून उठल्या आणि गाडीच्या अन् फळ्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे दादी! हटो वहाँ से!"

"काय दादी दादी करून राहिला बे? गाडीनं नवा डोळा उघडला. पहिल्यांदा काय पाहील ते? तुया फळा?"

आम्ही हसत सुटलो. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

विक्कीनं डोकं खाजवलं. "हो कैसे गया...? ओके बता रहा है. भैया, एक बार फिर से कर लेता हूँ."

"ओके आहे ना? राहू दे मग," पराग म्हणाला. "यांना घरी सोडून शिफ्टला परत यायचं आहे."

सासूबाईंनी गडव्यातलं पाणी चाकाजवळ ओतलं आणि ऐटीत मागच्या सीटवर येऊन बसल्या.

परागनं आम्हा दोघींना घरी सोडायला गाडी काढली. हायवेवर आलो.

स्टेअरिंगच्या मागे एक छोटा पडदा आहे. पुढे गाडी असली की त्यावर गाडीचं चित्र येतं. माणूस असला की माणसाचं.

रस्ता रिकामा होता.

पडद्यावर माणूस होता...

पांढरं, बोटाएवढं चित्र. आमच्या अगदी पुढे. मी काचेतून बाहेर बघितलं. कोणी नाही. फक्त ऊन आणि डांबर.

"मग ब्रेक का नाही मारत ही?" मी विचारलं.

परागनं एकदा पडदा बघितला, एकदा रस्ता. मग म्हणाला, "कारण अंतर कमी होऊन नाही राहिलं."

ते चित्र आमच्याच वेगानं पुढे जात होतं.

"नवीन आहे. होईल सेट," तो म्हणाला.

घरी उतरताना ठकूबाईंनी माझा खांदा धरला.

"लय पाय भरून आले वं, नूतन."

"गाडीत बसून?"

"हो ना." त्यांनाही नवल वाटत होतं. "गाडीत बसून."

दुसऱ्या दिवशी पराग कामावर गेला. मी दळण आणायला गेले. परत आले तर सासूबाई पलंगावर गाढ झोपलेल्या.

पांघरुणातून पाय बाहेर आले होते.

तळवे धुळीनं पांढरे... आणि बोटांच्या बेचक्यात बारीक गिट्टी.

"कुठं गेल्त्या तुम्ही, आई?"

"कुठीच नाही. झोपली होती मी." त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. "सपनात मात्र चालून राहिली होती. मांगून कोणीतरी येऊन राहिलं होतं. थांबता येत नोतं."

मी पाय धुऊन दिले. पाणी काळं झालं, डांबरासारखं. वाटलं, वय झालं, निघून गेल्या असतील बाहेर कुठे. दुसऱ्या दिवशी दाराला बाहेरून कडी लावून गेले.

कडी तशीच होती. पाय तसेच होते.

मग मी समोर बसून बघितलं. ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पराग फोनवर म्हणाला, "निघालो." मी फोन ठेवला. ठकूबाई पलंगावर बसून मटार सोलत होत्या. त्यांचे डोळे मिटले. हातातली शेंग खाली पडली.

आणि पाय हलू लागले...

एकामागे एक. हवेतच. आधी सावकाश, मग झपाझप. छाती भात्यासारखी. मी हाका मारल्या, गालावर पाणी मारलं. त्या जाग्या होत नव्हत्या. मी दोन्ही पाय घट्ट धरून बसले. तरी ते चालतच होते, माझ्या हातांसकट.

अंगणात गाडी येऊन थांबली.

पाय थांबले.

सासूबाईंनी डोळे उघडले, खाली वाकून शेंग उचलली. "माया पायाले कावून धरून बसली वं? सण आहे का आज?"

त्या रात्री परागला सगळं सांगितलं. त्यानं माझी थट्टा केली नाही. तेव्हाच मला कळलं, हा रोज तो पडदा बघत होता.

आम्ही गाडी पुन्हा विक्कीकडे नेली. ट्रकवर चढवून नेली, चालवत नाही. सासूबाई घरी. विक्कीनं फळा लावला, सगळ्यांना बाहेर काढलं, शटर ओढलं. सगळं नव्यानं केलं. लॅपटॉप म्हणाला, ओके.

आम्ही आत आलो आणि परागनं गाडी सुरू केली. समोर फळा आणि फळ्यामागे भिंत.

पडद्यावर माणूस उभा होता...

विक्कीनं लॅपटॉपवरचे आकडे पुन्हा एकदा तपासले. मग हळूच म्हणाला, "भाभी, मशीन में कोई गलती नहीं है. उसको जो सिखाया, वही सीधा मान रही है."

"बंद करून टाक ते," पराग म्हणाला.

बंद केलं. पडदा कोरा झाला. पराग गाडी गल्लीतल्या गल्लीत फिरवून बघत होता, तेव्हाच मी घरी फोन लावला. शेजारच्या विजयाताई सासूबाईंजवळ बसल्या होत्या.

"नूतन, लवकर ये. म्हातारीचे पाय हलून राहिले..."

आम्ही फक्त आमचा डोळा झाकला होता.

मग गाडी ट्रकवरूनच घरी आणली आणि झाकून ठेवली. पराग मोटरसायकलनं जाऊ लागला. सासूबाई सुधारल्या. रोज सकाळी गडवा घेऊन मोटरसायकलसमोर उभ्या राहायच्या, त्यानं काही होत नव्हतं. तरी माझं मन मानेना. मऊ तळाच्या चपला आणल्या त्यांना. म्हटलं, झोपताना घालत जा.

"झोपताना चपला घालते का कोणी? मेल्यावर घालजो," म्हणाल्या, आणि खो खो हसल्या. चपला पलंगाखाली तशाच राहिल्या.

संक्रांत झाली. एका सुटीच्या दुपारी ठकूबाईंनी छातीवर हात ठेवला आणि खाली बसल्या. ओठ निळे.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. निघाली, म्हणाले. मग फाटकावर अडकली, म्हणाले. मग फोनच लागेना. विजयाताईंची गाडी लग्नाला गेलेली. पराग गल्लीच्या तोंडापर्यंत ऑटो बघायला धावला, तसाच परत आला.

अंगणात ती उभी होती. कापडाखाली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"काढ ना रे गाडी," सासूबाईच म्हणाल्या.

मी त्यांना मागे मांडीवर घेतलं. पराग निघाला. गल्ली संपली... आणि माझ्या मांडीवर डोकं असलेल्या त्या बाईचे पाय चालू लागले.

या वेळी डोळे उघडे होते.

मोठ्या रस्त्यावर परागनं वेग वाढवला. पाय सीटवर आपटू लागले. श्वास तुटायला लागला.

"पराग, हळू! धावून राहिल्या त्या!"

त्यानं वेग कमी केला. श्वास जरा आला. पण ओठ अजून निळे. दवाखाना अजून लांब.

"हळू नेलं तर पोचणार नाही ना नूतन!"

पुन्हा वेग. पुन्हा ती घरघर. पुन्हा हळू. मी एकदा जोरात म्हणत होते, एकदा हळू म्हणत होते. शेवटी त्यानं गाडी कडेला थांबवली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडू लागला. पन्नाशीचा माणूस. पाय थांबले. पण थांबून तरी काय करणार होतो?

नेलं तर जीव जात होता. नाही नेलं तरी जात होता.

मी पुढे बघितलं. बंद केलेला तो पडदा आपोआप उजळला होता.

त्यावर ते पांढरं चित्र उभं होतं... वाट बघत.

ठकूबाईंनी हात लांब करून परागच्या पाठीवर ठेवला.

"चालव रे बाप्पा. मी हाव ना पुढं."

त्यानं गाडी काढली. मी त्यांचं डोकं सीटवर टेकवलं आणि खाली पायांशी सरकून तळवे हातात घेऊन बसले. ते तापलेले होते, दुपारच्या रस्त्यासारखे. मी काही करू शकत नव्हते. फक्त धरून बसले.

दवाखान्याचं गेट आलं. चित्र गेटमधून आत गेलं. आमच्या आधी.

मग पडदा रिकामा झाला.

हातातले पाय थंड पडले.

डॉक्टरांनी हार्ट म्हणून लिहिलं. मग चादर ओढताना त्यांचं लक्ष तळव्यांकडे गेलं. फोड फुटलेले, कातडी सोललेली. ते माझ्यावर चिडले.

"इस उमर में इनको इतना पैदल कौन चलाता है?"

मी चादर त्यांच्या पायांवर ओढली.

तेरवीनंतर परागनं रायपूरला जाऊन काच पुन्हा बदलली. कॅमेराही नवा घातला. मधे कोणी आलं नाही, तो स्वतः पहारा देत उभा होता. आता पडदा स्वच्छ आहे. पुढे गाडी असली की गाडी दिसते, नसली की काही नाही. पराग पुन्हा गाडीनं कामावर जातो. कित्येक दिवसांनी एकदा शीळ घालत घरी आला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी झाडू मारत होते.

सासूबाईंच्या फोटोखाली त्यांच्या त्या चपला ठेवल्या आहेत. कोऱ्या. एकदाही पायात न घातलेल्या.

झाडू लागून एक चप्पल उलटी झाली...

तळ झिजला होता. टाचेशी तर आरपार भोक. आणि भोकात अडकलेली बारीक गिट्टी.

दिसत नाही म्हणजे चालत नाही, असं थोडंच असतं?

परागला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो गाडी विकून टाकेल. मग ती कोणा परक्याची होईल. तो कसा चालवेल, किती पळवेल, उन्हातान्हात कुठे कुठे नेईल... आणि ही बाई बिचारी त्याच्या पुढे. पराग निदान सावकाश तरी चालवतो.

झिजल्या की मी जुन्या उचलते आणि नव्या ठेवते. एवढंच माझ्या हातात आहे.

परवा पुन्हा आणल्या. त्याच मापाच्या, मऊ तळाच्या. दुकानदार आता मला ओळखतो. पिशवीत घालताना हसून म्हणाला, "भाभी, आपकी सासूजी बहुत चलती हैं क्या?"

"हो," म्हटलं. "लय चालतात."