होरोएकाची काठी

न्यूझीलंडमध्ये, डनेडिनमधल्या त्या रोपवाटिकेत मी गेले ती पिवळ्या फुलांच्या कोवाईचं झाड घ्यायला. बाबांच्या घरापुढची बाग हातरुमालाएवढी. ते गेल्यावर तिथं एकच झाड हवं होतं, इथल्याच मातीतलं, पण नजरेत भरणारं.

मालक, तामाती, कोवाई दाखवायचं सोडून माझ्या गाडीत डोकावला. मागच्या सीटवर त्या बागेतून सकाळीच उपटलेली, फेकायची एक काठी पडली होती. करवतीसारखी तपकिरी पानं लोंबत होती.

"ही कुणी उपटली?"

"मी. वाळली होती."

"अहो, हा होरोएका! पंधरा वर्षं असाच मेल्यासारखा दिसतो, मग डोक्यावर हिरवा झुपका धरतो."

"बागेत एक गंमत लावलीय," बाबा फोनवर म्हणाले होते. तेव्हा वेलिंग्टनला राहायचे, घाईत होते मी... कसली, ते विचारलंच नाही.

तामातीनं त्याच संध्याकाळी येऊन तो परत लावला. मग दर शनिवारी त्याला बघायला यायला लागला.

"काय म्हणतोय?" मी विचारायची.

"बोलायला लाजतोय."

"तुमच्यासारखा?"

"मी कुठं लाजतो? मी... विचार करतो."

मी हसायची, पण पहाटे उठून पानं चाचपायची. ती पहिल्यापासूनच तपकिरी. काही कळायचं नाही.

चौथ्या शनिवारी तो फाटकाशीच थांबला. पाऊस भुरभुरत होता.

"आइल्सा, गाडीत एक होरोएका आहे. हुबेहूब तसाच. तुम्ही चहा करायला आत गेलात की बदलणार होतो."

"म्हणजे तो—"

"गेला. दोन आठवडे झाले. सालीखाली हिरवं उरलं नव्हतं. सांगायचा धीर होईना... आणि सांगितलं, की शनिवार संपले असते."

बाबांच्या आजारपणात सगळे असेच गप्प राहिले होते. मला राग आला. बराच आला.

"मग बदलला का नाहीत? मला कळलंही नसतं."

"पंधरा वर्षं तुमच्याशी खोटं बोलावं लागलं असतं."

पंधरा वर्षं... आपण काय बोलून गेलो ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. तो बुटांकडे बघत राहिला, कान लाल.

मी फावडं आणलं.

"उतरवा तो. खड्डा मी खणते. यापुढे मात्र जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं."

"म्हणजे... दर शनिवारी?"

"रविवारी काय करता?" मी विचारलं.